डाव्याचे उजवे झाले तेव्हा



नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती, तेव्हाची गोष्ट. एका गावात दोघा भावांच्या लगतच्या शेतांवर बांध आणि सांडवे घालायचे होते. दोन्ही शेतांचे नकाशे मीच काढले होते. थोरल्याच्या शेताचा सांडवा डावीकडे, तर धाकट्याचा उजवीकडे. आखणीच्या दिवशी घाई झाली. थोरल्याचा नकाशा हातात धरून मी धाकट्याच्या शेतात चुन्याची रेघ मारली. मजूर कुदळी घेऊन उभे होते. इतक्यात त्या भावांची आई भाकऱ्या घेऊन आली आणि म्हणाली, "सायेब, सांडवा हिकडं कसा वो? पानी तर दरसाल त्या अंगानं जातंय."

खरे सांगतो, मला आधी रागच आला. पदवी माझी, नकाशा माझा, आणि ही बाई मला शिकवते! पण मनात पाल चुकचुकली. पुन्हा लेव्हल लावून पाहिले. म्हातारीचे बरोबर होते. तशीच खोदाई झाली असती तर पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटला असता आणि दोन्ही भावांची माती ओढ्याला गेली असती.

पुढे बऱ्याच वर्षांनी अमेरिकेतल्या एका अणुवीज केंद्राची हकिकत वाचनात आली आणि मला तो चुना आठवला. चूक थेट तशीच होती. फक्त बांधाच्या जागी अणुभट्टी होती.

एक डावा, एक उजवा

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात समुद्रकाठी डायब्लो कॅनियन नावाचे केंद्र आहे. पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीज कंपनीने १९६८ साली त्याचे बांधकाम सुरू केले. तेथे दोन संच आहेत. आरशात दिसावे तसे ते एकमेकांचे प्रतिबिंब आहेत. एकात जे डावीकडे, ते दुसऱ्यात उजवीकडे.

हा मुलूख भूकंपाचा. काम सुरू झाल्यानंतर, १९७१ साली, एक माहिती प्रसिद्ध झाली. केंद्रापासून अवघ्या काही किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखाली, खडकात एक लांबलचक भेग आहे. तिला होस्ग्री भ्रंश म्हणतात. अशा भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकल्या की जमीन हादरते. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा धक्का ज्यांनी सोसला, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मग ७.५ तीव्रतेचा भूकंप गृहीत धरून केंद्राचे सगळे हिशेब नव्याने करावे लागले.

यात नळांना फार महत्त्व असते. अणुभट्टी बंद केली तरी तिच्या आतली उष्णता लगेच जात नाही. चूल विझवल्यावर निखारे धगधगत राहतात, तसेच हे. म्हणून भट्टी बंद असतानाही पाणी फिरवत ठेवावे लागते. भूकंपात नळ तुटून पाणी थांबले तर आतले इंधन वितळू शकते आणि किरणोत्सर्ग बाहेर पडण्याचा धोका उभा राहतो. त्यासाठी नळांना जागोजागी भक्कम पोलादी आधार देतात. कोणत्या आधारावर किती जोर येईल, हे हिशेबाने ठरते.

हा हिशेब कंपनीने बाहेरच्या सल्लागारांकडून करून घेतला. त्या देवाणघेवाणीत दोन संचांच्या नकाशांची अदलाबदल झाली. आकडेमोड बरोबर होती, पण ती भलत्याच बाजूला लागू झाली. कागदावर सह्या झाल्या, शिक्के बसले, वर्षे गेली. कोणाच्या लक्षात आले नाही.

परवाना मिळाला आणि थांबला

सप्टेंबर १९८१ मध्ये केंद्राच्या दारात मोठे आंदोलन झाले. दीड हजारांहून अधिक माणसे पकडली गेली. त्याच महिन्याच्या २२ तारखेला पहिल्या संचाला कमी क्षमतेवर चाचणी घेण्याचा परवाना मिळाला. आणि आठवडाभरातच कंपनीतल्याच एका तरुण इंजिनिअरला नकाशांचा हा घोटाळा दिसला. कंपनीने चूक जाहीर केली.

तेथील अणु नियामक आयोगाने एक प्रश्न विचारला : एवढी ढळढळीत चूक इतकी वर्षे लपून राहिली, तर आणखी किती लपल्या असतील? १९ नोव्हेंबर १९८१ रोजी आयोगाने परवाना स्थगित केला. नुसती ती एक चूक सुधारा, असे त्याने म्हटले नाही. ज्यांचा मूळ कामाशी संबंध नाही अशा तज्ज्ञांकडून आराखड्याची स्वतंत्र पडताळणी करून घ्या, असा हुकूम दिला.

येथेही गडबड झालीच. पहिल्या तपासणीच्या अहवालाचा कच्चा खर्डा आयोगाच्या आधी कंपनीने पाहिला होता, असे उघड झाले. परीक्षकाने आधी विद्यार्थ्यालाच पेपर दाखवावा, तसा हा प्रकार. त्यावर आयोगाने आक्षेप घेतला. पुढे १९८२ मध्ये टेलिडाइन इंजिनिअरिंग सर्व्हिसेस या दुसऱ्या संस्थेकडे आयोगाच्या मान्यतेने ही जबाबदारी सोपवण्यात आली.

पडताळणी कशी झाली?

हजारो नकाशे एकेक करून तपासणे कठीण असते. आपण पोत्यात बंब मारून धान्य पाहतो, तसे त्यांनी निरनिराळ्या भागांतले नमुने घेतले. प्रत्येक नमुन्याचा हिशेब स्वतःच्या रीतीने पहिल्यापासून केला आणि जुन्या हिशेबाशी ताडून पाहिला. कागद हातात घेऊन प्रत्यक्ष जागेवर फिरले आणि नकाशातला आधार खरोखर तेथेच आहे का, ते पाहिले. तफावत दिसली की तिची स्वतंत्र नोंद झाली. समाधानकारक उत्तर किंवा दुरुस्ती होईपर्यंत ती नोंद मिटत नसे. एक दाणा किडका निघाला की त्या भागातले आणखी नमुने काढायचे, असा क्रम होता. या सगळ्यावर आयोगाचे निरीक्षक नजर ठेवून होते.

आणखी चुका निघाल्या. अनेक आधार बदलावे किंवा बळकट करावे लागले. एप्रिल १९८४ मध्ये पहिली अणुभट्टी प्रथमच पेटली. मे १९८५ मध्ये पहिल्या आणि मार्च १९८६ मध्ये दुसऱ्या संचाची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. एका उलट्या नकाशाने एवढी वर्षे खाल्ली. पण ती वर्षे भूकंप होण्याआधी गेली, हे विसरू नये.

आपल्या दाराशी

हा विषय आपल्यापासून दूर नाही. आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर केंद्राचे पहिले दोन संच १९६९ सालीच सुरू झाले. अशा केंद्रांवर देखरेख ठेवण्यासाठी १५ नोव्हेंबर १९८३ रोजी आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. नव्या केंद्राची जागा, बांधकाम, चाचणी आणि प्रत्यक्ष चालवणे, या प्रत्येक टप्प्याला मंडळाची वेगळी संमती लागते. वीज आपल्या पंपाला हवी आहेच. ती देणाऱ्या केंद्राची तपासणी कोण करतो आणि तो किती मोकळा आहे, हे विचारण्याचा हक्कही आपलाच आहे.

आता घरचे पाहू. ज्याने नकाशा काढला, त्याला स्वतःची चूक सहसा दिसत नाही. त्याचा डोळा कागदावर असते ते न पाहता, मनात असते तेच पाहतो. म्हणून शेततळे असो, विहिरीचे बांधकाम असो की घराचा पाया, काम सुरू होण्याआधी तीन गोष्टी कराव्यात.

एक, नकाशा उत्तरेच्या खुणेनुसार फिरवून जागेवर ताडून पाहावा आणि त्यावर गट नंबर आहे का, ते बघावे. दोन, ज्याचा त्या कामाशी संबंध नाही अशा जाणत्या माणसाकडून आखणी तपासून घ्यावी. तीन, घरातल्या बायामाणसांना आणि वडीलधाऱ्यांना विचारावे. पाणी कोठून येते आणि कोठे साचते, हे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेले असते.

आणि कोणी चूक दाखवली, तर त्याच्यावर डाफरू नये. चुन्याची रेघ पायाने पुसता येते. फुटलेला बांध तसा पुसता येत नाही.

त्या दिवशी मी सर्वांदेखत माझी रेघ पुसली आणि दुसऱ्या बाजूला नवी मारली. म्हातारीने काही न बोलता माझ्या हातावर भाकरी-ठेचा ठेवला. तेव्हापासून घरच्या माणसांना "पाणी कुठनं जातं?" असे विचारल्याशिवाय मी एकाही शेतात चुना टाकलेला नाही.