माडावर चढणारे हात

पहाटेचा काळोख पुरता ओसरण्यापूर्वीच गोव्यातील रेंदेराचा दिवस सुरू होतो. कमरेला काती लावून, खोडावर कोरलेल्या खाचांत पाऊल रोवीत तो माड चढतो आणि पोयीला बांधलेल्या मडक्यातून सूर काढून घेतो. दुपारी पुन्हा चढून पोयीचे टोक तासतो. संध्याकाळी पुन्हा सूर उतरवतो. दहा माड असले, तरी दिवसाला तीस चढउतार! नारळ पाडणाऱ्या पाडेलीची वाटही तीच.

या कष्टांच्या खुणा शरीरावर वाचता येतात : तळव्यांची राठ कातडी, छातीवरचे घट्टे. पाय निसटला, तर मात्र कणा मोडतो; मज्जारज्जू दुखावला, तर उरलेले आयुष्य अंथरुणावर जाते.

२०१६ साली गोव्यात माड कायद्याच्या वृक्षव्याख्येतून वगळला गेला. २०१७ मध्ये तो राज्यवृक्ष म्हणून सन्मानाने परतला. त्यावर चढणाऱ्याच्या सन्मानाचे काय? नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले, विम्याचीही सोय केली. ती माहिती वाड्यावाड्यांवर पोहोचायला हवी.

लहानग्याला लस टोचून घ्यायला आलेला रेंदेर बाप म्हणतो, ''डॉक्टर, ह्याने माडावर चढू नये.'' परंपरा लोपते म्हणून हळहळणाऱ्या आपण त्या बापाला दोष देऊ नये. आपण एवढे करावे : पडलेल्या माणसाला उठवून बसवू नका, मान-पाठ न वाकवता फळीवरून न्या, हे गावोगावी शिकवावे, आणि पाडेली दारी आला, की नारळ मोजण्याआधी त्याच्या विम्याची चौकशी करावी.