विश्लेषण : तत्त्वज्ञांनी राजकारणावर बोलावे का? फ्रान्समधील सव्वाशे वर्षांचा वाद काय सांगतो?

लेखकाने पुस्तके लिहावीत, प्राध्यापकाने शिकवावे, राजकारणात पडू नये, असा सल्ला फ्रान्समध्येही दिला जातो. तरीही सार्वजनिक प्रश्नांवर बोलणाऱ्या विचारवंतांची मोठी परंपरा याच देशात घडली. ती कशी, आणि तिच्यावरील आक्षेप कोणते?

‘बुद्धिजीवी’ शब्द कसा रुजला?

फ्रेंच लष्करातील ज्यू अधिकारी आल्फ्रेड ड्रायफस यांना १८९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली दोषी ठरवण्यात आले. खऱ्या हेराचा सुगावा लागूनही लष्कराने चूक मान्य केली नाही. १३ जानेवारी १८९८ रोजी कादंबरीकार एमिल झोला यांनी ‘लोरोर’ दैनिकातून राष्ट्राध्यक्षांना अनावृत पत्र लिहिले. पाठोपाठ लेखक, प्राध्यापक, शास्त्रज्ञांच्या सह्यांची निवेदने प्रसिद्ध झाली. विरोधकांनी या मंडळींना ‘बुद्धिजीवी’ म्हणून हिणवले. पुढे तेच बिरुद ठरले. झोलांना शिक्षा झाली, इंग्लंडला जावे लागले. ड्रायफस १९०६ मध्ये निर्दोष ठरले. त्याआधीच, १९०२ मध्ये झोलांचे निधन झाले होते.

सार्त्र यांची भूमिका काय होती?

दुसऱ्या महायुद्धानंतर ज्याँ-पॉल सार्त्र यांनी ‘बांधिलकी’चा आग्रह धरला. लेखकाचे मौन हीदेखील एक राजकीय भूमिकाच असते, असे ते मानत. १९६० मध्ये अल्जेरियातील युद्धात शस्त्र उचलण्यास नकार देणाऱ्या फ्रेंच तरुणांना पाठिंबा देणारे १२१ जणांचे निवेदन निघाले. त्यावर सार्त्र आणि सिमोन द बोव्हुआर यांच्या सह्या होत्या.

मग आक्षेप कोणते?

विचारवंत पक्षीय आणि राष्ट्रीय आवेशाच्या आहारी जाऊन सत्याशी द्रोह करतात, असा इशारा ज्युलियाँ बांदा यांनी १९२७ मध्येच दिला होता. सार्त्र यांच्याबाबत तो अंशतः खरा ठरला. १९५४ मध्ये सोव्हिएत रशियातून परतल्यावर तेथे टीकेचे पूर्ण स्वातंत्र्य असल्याचे त्यांनी सांगितले. १९५६ मध्ये हंगेरीत रणगाडे घुसल्यावर मात्र त्यांनी निषेध केला. क्रांतीच्या नावाखालील हिंसेच्या प्रश्नावर अल्बेर काम्यू १९५२ मध्ये त्यांच्यापासून दुरावले. रेमाँ आराँ यांनी १९५५ मध्ये डाव्या विचारवंतांच्या मार्क्सवादी श्रद्धेवर टीका केली. तेच आराँ पुढे अल्जेरियाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहिले.

फुको यांनी कोणता पर्याय सुचवला?

सर्वांच्या वतीने बोलणाऱ्या विचारवंताचा काळ सरला, असे मिशेल फुको यांचे म्हणणे. जिथे आपले ज्ञान आणि काम आहे, तिथली सत्ता उघड करावी, हा त्यांचा मार्ग. १९७१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह तुरुंगांविषयी माहिती देणारा गट स्थापन केला. कैद्यांच्या वतीने न बोलता, कैदी आणि त्यांच्या कुटुंबीयांनाच बोलते करणे हा त्यामागचा हेतू होता. मात्र १९७८ मध्ये इराणमधील उठावाबद्दल त्यांनी दाखवलेली सहानुभूती पुढे टीकेचा विषय ठरली.

या वादातून काय उरते?

जून १९७९ मध्ये व्हिएतनाममधून समुद्रमार्गे पळालेल्या निर्वासितांसाठी सार्त्र आणि आराँ, अनेक वर्षांचे वैर बाजूला ठेवून, एकत्र राष्ट्राध्यक्षांना भेटले. कोणता विचार बरोबर, हा वाद त्या दिवशी मिटला नाही. माणसे बुडत असताना तो मिटण्याची वाट पाहायची नाही, एवढे मात्र दोघांनाही मान्य होते. झोलांनीही १८९८ मध्ये हेच केले होते. मोठ्या सिद्धान्ताऐवजी समोरच्या एका माणसावरील अन्यायाचे पुरावे त्यांनी मांडले. विचारवंतांच्या चुका बहुधा तिथे झाल्या, जिथे समोरच्या माणसापेक्षा सिद्धान्त मोठा ठरला.