रणगाड्याला लांबी भरताना

जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने 1961 साली बाजारात आणलेला प्लास्टिकचा पँथर रणगाडा चालणारा होता. पोटात मोटर आणि सेल मावले पाहिजेत, या हिशेबाने त्याचा आकार ठरला आणि तेच 1:35 हे प्रमाण पुढे जगभर रूढ झालं. आता हे छोटे रणगाडे कपाटात उभेच असतात. पण जुन्या साच्यांतून निघालेल्या संचांच्या तळाला स्विचची भोकं अजून सापडतात. डागडुजी तिथूनच सुरू होते.

भोक मोठं असेल तर नुसती लांबी थापून भागत नाही. वाळताना ती आक्रसते आणि जागेवर खळगा उरतो. म्हणून आधी आतून पातळ प्लास्टिक शीटचा तुकडा चिकटवायचा, मग राहिलेली फट बुजवायची. हे संच पॉलिस्टायरीनचे. त्यांचा पातळ गोंद प्लास्टिकच्या कडा विरघळवून एकजीव करतो आणि स्वतः उडून जातो. जाणकार मंडळी याचा फायदा उठवतात: सुटे भाग ज्या कांड्यांना लागून येतात, त्या कांड्यांचे तुकडे गोंदात विरघळवून लगदा करतात. हा लगदा मूळ प्लास्टिकचाच असल्याने घासला जातोही त्याच्यासारखाच. सुपरग्लूचं तसं नाही. तो लगेच घासला तर ठीक. रात्रभर राहिला तर इतका टणक होतो, की पॉलिश पेपर शेजारचं प्लास्टिक आधी खातो.

साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या पिनांचे गोल ठसे झाकणांच्या आतल्या बाजूला हमखास असतात. झाकण बंदच ठेवणार असाल तर त्यांच्या नादी लागू नये.

मोटारींची मॉडेल्स करणारा माणूस इथे फसतो. त्याला सगळं गुळगुळीत हवं असतं. रणगाडा तसा नसतोच. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन रणगाड्याचा ओतीव टरेट जवळून पाहावा. पृष्ठभाग चांगलाच खरबरीत आहे. तो खरबरीतपणा मॉडेलवर आणायला पातळ लांबी झिजलेल्या ब्रशने टोचत लावतात. वेल्डिंगची शिवण हवी असेल तर इपॉक्सी पुटीची बारीक वळी सांध्यावर बसवायची आणि ओली असतानाच पात्याच्या टोकाने तिरपे ठसे उमटवायचे. दोन पत्र्यांच्या मधली खरी फट मात्र बुजवायची नाही. माझ्या मते भरण्यापेक्षा कोणती फट खरी हे ओळखणंच जास्त अवघड.

गंमत म्हणजे जर्मनांनी पँथरसारख्या खऱ्या रणगाड्यांनाही लेप थापला होता. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून 1943 पासून कारखान्यातच त्सिमेरिट नावाचा रेघारेघांचा थर चढवत. सप्टेंबर 1944 मध्ये ते बंद झालं. मॉडेलवर तो पुटीनेच करतात, आणि हे काम भलतंच मोहात पाडणारं असतं. म्हणून डबा उघडण्याआधी आपला पँथर कोणत्या महिन्याचा, ते बघून घ्यावं. 1945 च्या पँथरवर रेघा ओढल्यात तर सगळी पुटी खरवडून काढावी लागेल.