कचऱ्याचा डोंगर बघायला लाइपझिगला

लाइपझिग, नोव्हेंबर

रविवारी दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी एका लोखंडी मनोऱ्यावर उभी होते आणि मनोरा हलत होता. "कुठे तडमडलीस गं?" म्हटलं, रोझेनटाल नावाची बाग आहे, बागेत टेकडी आहे, टेकडीवर मनोरा आहे, गाव बघायला आलेय. "टेकडी कसली?" "कचऱ्याची." आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "त्यासाठी एवढं कर्ज काढून जायची काय गरज होती? कचऱ्याचा डोंगर आपल्या जिन्याच्या खिडकीतून दिसत होता की."

दिसत होता, खरंच. गोवंडीत आमच्या तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून देवनारच्या डम्पिंगची कड दिसते. पावसाळ्यात तिच्यावर गवत उगवतं, तेव्हा माहीत नसलेल्याला ती माथेरानची धाकटी बहीण वाटावी. तिथे १९२७ पासून कचरा पडतोय. इथल्या टेकडीवर १८८७ ते १८९६ एवढी नऊ वर्षं शहराच्या घराघरातला कचरा घोडागाड्यांनी आणून टाकला, मग वर माती घातली, झाडं लावली, माथ्यावर लाकडी मनोरा उभा केला आणि विषय संपवला. तो मनोरा महायुद्धात जळाला. आताचा लोखंडी, २० मीटरचा, १९७५ सालचा. लोक त्याला 'वाकलटुर्म' म्हणतात, म्हणजे डुगडुगता मनोरा. पोरं मुद्दाम वर जाऊन उड्या मारतात. म्हाताऱ्या बायका थर्मासमधून कॉफी घेऊन येतात. आईने शेवटी एकच विचारलं, "वास येतो का?" नाही येत. पानगळीचा येतो.

वाचकहो, परदेशी शिकायला गेलेल्या मुलीच्या पत्रात काय असावं याची तुमची यादी मला ठाऊक आहे. बाखची कबर पाहिली, टोमासकिर्खं या चर्चमध्ये. निकोलायकिर्खं पाहिलं, जिथून निघून ९ ऑक्टोबर १९८९ ला सत्तर हजार माणसं रस्त्यावर चालली आणि महिनाभरात बर्लिनची भिंत पडली. १८१३ च्या लढाईचं ९१ मीटर उंचीचं काळंकुट्ट स्मारक पाहिलं. ते बघून धडकी भरते, दुसरं काही होत नाही. प्राणिसंग्रहालयाचं तिकीट परवडत नाही, पण रोझेनटालच्या बाजूने कुंपणातून जिराफ फुकटात दिसतात आणि ते महापालिकेने मुद्दाम तसं ठेवलंय. झालं स्थलदर्शन. यापेक्षा जास्त यूट्यूबवर आहे.

आणि 'जर्मनीत शिक्षण फुकट' म्हणणाऱ्या मामांसाठी: फी नसली तरी व्हिसाच्या आधी वर्षाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात. ते कसे उभे राहिले ते आईबाबांना विचारा.

मुंबईत मी चोवीस वर्षं 'चेंबूरजवळ' राहिले. कॉलेजात, इंटर्नशिपला, लग्नाच्या वयाची मुलगी म्हणून मावशीने केलेल्या बायोडाटात, सगळीकडे चेंबूर. फार खोदून विचारलं तर देवनार, आणि तेही टिस या शिक्षणसंस्थेच्या बाजूचं देवनार. गोवंडी म्हटलं की समोरच्याच्या नाकाची पाळी किंचित वर जाते, ती मी शाळेपासून बघत आलेय. इथे आल्यावर पत्ता नोंदवायला सरकारी कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी आधीचा पत्ता एकेक अक्षर टाइप केला आणि वाचून दाखवला: "गोफांडी?" इथे 'व्ही'चा बऱ्याचदा 'फ' होतो. म्हटलं, हो, गोफांडी. त्यांची नाकाची पाळी जागच्या जागी. आयुष्यात पहिल्यांदा मी गोवंडीची झाले, ती सहा हजारांहून जास्त किलोमीटरवर.

जेवणाबद्दल थोडक्यात, कारण त्यात थोडकंच आहे. दुपारी विद्यापीठाच्या खाणावळीत बटाटा. उकडलेला, कुस्करलेला, तळलेला, पण बटाटा. रात्री बऱ्याच घरांत गार जेवण: पाव, चीज, काकडी. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "गॅस संपलाय का त्यांचा?" इथली एक जुनी बिअर आहे, गोझं, तिच्यात मीठ आणि धणे घालतात. धणे! अख्ख्या गावात मसाल्याचं नाव नाही आणि धणे घातले कुठे, तर बिअरमध्ये. 'लाइपझिगचा चंडोल' नावाची एक पेस्ट्री मिळते. पूर्वी इथे खरोखरचे चंडोल पक्षी पकडून पेस्ट्रीत भरून खायचे. १८७६ मध्ये राजाने शिकार बंद केली, तेव्हा बेकरीवाल्यांनी आत बदामाचं सारण भरलं आणि नाव तेच ठेवलं. बंदी आली की धंदा कसा वळवायचा हे त्यांना बरोबर कळलं.

मामीने दिलेली सुकट तीन पिशव्यांत बांधून ट्रंकेच्या तळाशी होती. ऑक्टोबरात एकदा धीर करून परतली. घरमालकीणबाई खाली राहतात, सत्तरीच्या आहेत, वर आल्या. वाटलं, आता खोली सोडावी लागणार. त्यांनी चमच्याने चाखली, विचार केला आणि म्हणाल्या, "याला बटाटा हवा."

पण मला लिहायचं आहे ते शिस्तीबद्दल. घरून फोन आला की कोणी ना कोणी म्हणतंच: "त्यांच्या रक्तातच असते ना शिस्त. आपल्या लोकांकडून काही होणार नाही." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. रक्तात नाही, खिशात असते.

पहिल्याच आठवड्यात ट्रॅममध्ये साध्या कपड्यातल्या माणसाने मला पकडलं. तिकीट घेतलेलं होतं, पण ते डब्यातल्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा असतो हे ठाऊक नव्हतं. ठिकठिकाणी लिहिलेलं होतं, जर्मनमध्ये. ६० युरो दंड. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, देवनार डेपोला. मी इकडे आल्यापासून त्यांना एकच कोडं पडलं होतं: कंडक्टर नाही तर लोक तिकीट काढतातच कशाला? दंडाचं रडगाणं ऐकवलं तर म्हातारा खूश. "म्हणजे चेकर आहेत तर! आणि पंच न केलेलं तिकीट म्हणजे कोरा कागद. बरोबर केलं त्याने." पोरीचे साठ युरो गेले, त्याचं काही नाही.

बाटलीचं तर विचारूच नका. इथे पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची बाटली घेतली की किमतीवर २५ सेंट जास्त द्यायचे. त्याला 'प्फांड' म्हणतात, आपलं डिपॉझिट. बाटली दुकानातल्या मशीनला परत दिली की पैसे मिळतात. एकदा वापरून टाकायच्या बाटल्यांवर २००३ पासून ही सक्ती आहे, त्याआधी हे रक्तातले शिस्तवालेसुद्धा त्या बाटल्या कचऱ्यातच टाकत होते. मी पहिल्या महिन्यात अकरा बाटल्या साठवल्या आणि मोठ्या ऐटीत मशीनपाशी गेले. भिंतीत गोल भोक. बाटली आडवी ठेवायची, ती आत सरकते, स्वतःभोवती फिरते, मशीन लेबलावरच्या रेघा शोधतं, सापडल्या की आत चुरडल्याचा आवाज. माझी पहिली बाटली फिरली, फिरली आणि बाहेर आली. दुसरीही. तिसरीही. मागे रांग. सगळ्या बाटल्या मी आपल्या सवयीने पिळून चपट्या केल्या होत्या, कारण आपल्याकडे बाटलीवर छापलेलंच असतं, वापरून झाली की चुरडा. आणि चार बाटल्यांची लेबलं सोलून काढली होती. का, तर लहानपणापासून तसंच बघत आलेय.

कुठे बघितलं? बैंगनवाडीत. आमच्या शाळेच्या रस्त्यावर भंगाराचे गाळे होते. दारात पाटावर बसलेली बाई बाटली उचलायची, झाकण फिरवून एका गोणीत, गळ्यातली कडी नखाने तोडून त्याच गोणीत, लेबल एका ओढीत सोलून दुसरीकडे आणि बाटली तिसरीकडे. सगळं मिळून तीन-चार सेकंद, नजर रस्त्यावर. झाकणाचं प्लॅस्टिक वेगळं, बाटलीचं वेगळं, भाव वेगळे. शंका आली तर तुकडा वाकवून आवाज ऐकायची. दुधाची पिशवी निराळी, पन्नी निराळी, कडक निराळं, काळं निराळं. इथे घरमालकीणबाईंनी मला चार डबे शिकवले: पिवळा, निळा, तपकिरी, काळा. वर काचेचे तीन: पांढरी, हिरवी, तपकिरी. निळी बाटली कुठे टाकायची, तर हिरव्यात! हे पाठ करायला मला दोन आठवडे लागले आणि त्या म्हणाल्या, तू फार लवकर शिकलीस. अहो बाई, मी गोफांडीची आहे. तुमच्या सात डब्यांचं काय सांगता, आमच्याकडची न शिकलेली बाई डोळे मिटून वीस ढीग करते. फरक एवढाच, की तुम्हाला त्याबद्दल 'जबाबदार नागरिक' म्हणतात आणि तिला लोक लोकलमध्ये शेजारी बसू देत नाहीत.

आणि कचरा वेचणारे फक्त आपल्याकडे, असंही समजू नका. संध्याकाळी ट्रॅमस्टॉपवर एक आजोबा येतात, इस्त्रीचा कोट, हातात टॉर्च. कचऱ्याच्या डब्यात टॉर्च मारून बाटल्या शोधतात. लोक आता बाटली डब्यात टाकत नाहीत, डब्याच्या बाहेर उभी करून ठेवतात, म्हणजे आजोबांना हात घालावा लागू नये. हे मला आवडलं. पण पेन्शन पुरत असती तर आजोबा घरी नसते का?

डिपॉझिट आपल्याला नवं आहे, असंही नाही. बाबा सांगतात, लहानपणी पहाटे आरेच्या दूध केंद्रावर रांग लावायची ती रिकाम्या काचेच्या बाटल्या घेऊनच. रिकामी बाटली दिली तरच भरलेली मिळायची. मग पिशवी आली आणि बाटल्या गेल्या. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची तरतूद होती. आमच्या दूधवाल्याला मी विचारलं होतं. तो इतका हसला की किटली हिंदकळली.

मागच्या शनिवारी घरमालकीणबाईंनी मला गाडीतून शहराच्या दक्षिणेला नेलं. सगळीकडे तळी. शिडाच्या होड्या, वाळू, आइस्क्रीम. कोसपुडनर झे नावाचं तळं २००० मध्ये खुलं झालं, त्याआधी तो कोळशाच्या खाणीचा खड्डा होता. पुढे एस्पेनहाइन, तिथे पूर्व जर्मनीच्या काळात लिग्नाइटचा मोठा कारखाना होता. शेजारच्या म्योल्बिस गावाला युरोपातलं सर्वांत घाणेरडं गाव म्हणत. बाई त्याच बाजूच्या. म्हणाल्या, "कपडे वाळत घालायच्या आधी आई वाऱ्याची दिशा बघायची. चुकली, की चादरी काळ्या."

मी गाडीत एकदम गप्प झाले. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डम्पिंग पेटलं, धूर नासाच्या उपग्रहातून दिसला, शाळांना सुट्टी दिली. माझी दहावीची प्रिलिम. आईने ओल्या चादरी खिडक्यांना लावल्या होत्या आणि मी त्यांच्या आड बसून भूमितीची प्रमेयं पाठ करत होते. आजही ओल्या कापडाचा वास आला की मला पायथागोरस आठवतो.

बाईंना विचारलं, मग कारखाना बंद झाला तेव्हा गावाने पेढे वाटले असतील? त्या हसल्या नाहीत. जर्मनी एक झाली, चिमण्या थंडावल्या, आभाळ निळं झालं, आणि त्यांच्या नवऱ्याची नोकरी गेली. ते दोघं नोकरीसाठी पश्चिमेला गेले ते वीस वर्षांनी परतले. तळं सुंदर आहे, म्हणाल्या, पण त्यात मी पोहत नाही.

हे मी मुद्दाम लिहितेय. देवनारचा सुमारे १ कोटी ८५ लाख टन जुना कचरा उपसायला महापालिकेने २०२५ मध्ये निविदा काढली, आणि तिथली १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासाला द्यायचं सरकारने त्याआधीच ठरवलंय. म्हणजे आमच्या डोंगरावरही लोक येणार, फक्त गाव बघायला नव्हे, राहायला. आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आता आपले भाव वाढणार' म्हणून नाचणारे अंगठे आले. पाटावर बसून झाकणं फिरवणारी ती बाई तेव्हा कुठे बसेल, हे कोणी विचारलं नाही. मीही ग्रुपवर विचारलं नाही, इथे विचारतेय.

इकडे यायचं असेल तर बाटल्या चुरडू नका, लेबल सोलू नका, तिकिटावर शिक्का मारा, सुकट बिनधास्त आणा. तिकडेच असाल तर माझं एकच काम करा. दुधाची पिशवी उघडताना कोपरा पूर्ण कापून टाकू नका, पिशवीलाच लटकता राहू द्या. पिशवीला भाव येतो. तो सुटा तुकडा वेचायला बसलं तर दिवस जातो आणि त्याचे पैसे कोणीच देत नाही.