सूर्याभोवतीचा उजेड आणि वाळवंटातले आरसे

आखाती देशांत ऊन कमी आहे असं कोणी म्हणणार नाही. आपल्या कितीतरी घरांतली माणसं अबुधाबी, दुबईत कामाला आहेत, त्यांना विचारून बघा. तरीही तिथे आरशांवर चालणारे वीजप्रकल्प उभारताना एका किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीचा हिशोब धरावा लागतो. ती म्हणजे सूर्यबिंबाच्या अगदी लगत, चारही बाजूंनी दिसणारा पांढरट उजेड.

आधी फरक समजून घेऊ. आपल्या गच्चीवरच्या सोलर पॅनेलला कुठलाही उजेड चालतो, ढगातून गाळून आलेला सुद्धा. आरशांच्या प्रकल्पाला मात्र सूर्याकडून सरळ आलेले किरणच लागतात. पन्हळीसारखे वाकवलेले लांबच लांब आरसे ते किरण एका नळीवर आणतात, नळीतलं तेल सुमारे ३९० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, त्यातून वाफ, वाफेवर टर्बाइन. अबुधाबीतला २०१३ साली सुरू झालेला १०० मेगावॉटचा ‘शम्स १’ असाच आहे. त्यात अडीच लाखांहून जास्त आरसे आहेत. (वाकवलेल्या आरशाने किरण एका बिंदूवर कसे आणायचे, यावर इब्न अल-हैसम यांनी हजारेक वर्षांपूर्वी स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. मुलांना हे जरूर सांगावं.)

आता तो उजेड. आकाशात सूर्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश दिसते. हवा स्वच्छ असेल तर बिंब संपलं की लगेच निळं आकाश लागतं. हवेत धूळ किंवा पातळ ढग असले की चित्र बदलतं. धुळीचा कण किरणाला मागे फेकत नाही, थोडासाच वळवून पुढे पाठवतो. तो किरण आपल्याकडेच येतो, पण बिंबाच्या शेजारून आल्यासारखा. सूर्याकडे बघून हे तपासू नका, डोळे जातील. चौदाव्या-पंधराव्या रात्रीचा चाँद बघा, तो दिसायला सूर्याएवढाच असतो. धुरकट रात्री त्याला चिकटून जी दुधाळ रोशनी दिसते, तीच ही. लांबवर जे गोल खळं पडतं ते वेगळं, त्याची गल्लत करू नये.

खरी अडचण मोजण्यात आहे. थेट ऊन मोजणाऱ्या यंत्राचं तोंड सुमारे ५ अंशांचं असतं, म्हणजे सूर्याच्या रुंदीच्या जवळपास दहापट. हात लांब करून तीन बोटं धरली तर जेवढं आकाश झाकतं, साधारण तेवढं. यंत्र बिंबाचा आणि शेजारचा उजेड एकत्रच मोजतं. आरशाची नळी एवढी उदार नसते.

उदाहरण घेऊ. दोन वेगळ्या दिवशी यंत्राने दर चौरस मीटरला ६०० वॉटच दाखवले. पहिल्या दिवशी त्यातला २ टक्के उजेड बिंबाबाहेरचा, म्हणजे बिंबाचे ५८८ वॉट. दुसऱ्या दिवशी गर्द होती, बाहेरचा वाटा २५ टक्के, म्हणजे बिंबाचे फक्त ४५०. बाहेरच्यातला काही भाग नळीवर पडतोच, सगळा वाया जात नाही. पण कागदावर सारखे दिसणारे हे दोन दिवस वीज मात्र सारखी देणार नाहीत.

मनोऱ्याच्या प्रकल्पात हे आणखी नडतं. दुबईच्या सौर उद्यानात २६२ मीटर उंच मनोरा आहे आणि भोवती हजारो आरसे. समजा आरसा मनोऱ्यापासून एक किलोमीटरवर आहे. अर्ध्या अंशाचं सूर्यबिंब तिथपर्यंत जाताना नऊ मीटरच्या आसपास पसरतं. पण बिंबाच्या मध्यापासून दीड अंश बाजूने आलेला किरण नेमक्या जागेपासून २६ मीटर लांब पडतो. तो गेलाच म्हणायचा.

म्हणून या उजेडाचं गणिती प्रारूप लागतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात खास दुर्बीण बनवून वेगवेगळ्या ठिकाणी मोजमापं घेतली. पुढे २००३ मध्ये सिडनीच्या डेमियन बुई आणि सहकाऱ्यांनी सोपं सूत्र मांडलं. बाहेरच्या उजेडाचं एकूण उजेडाशी गुणोत्तर, एवढा एकच आकडा द्या. त्यावरून बिंबाच्या मध्यापासून बाहेर तेज कसं उतरत जातं, ते सूत्र सांगतं. बिंब कडेला थोडं मंद असतं, तेही त्यात धरलं आहे. मग कॉम्प्युटरवर लाखो किरण सोडून किती नळीवर पडले ते मोजायचं. आम्हाला यातली काटकसर आवडते, पण सूत्रात घालायचा आकडा त्याच जागेवर मोजलेला हवा. कॅलिफोर्नियाची हवा धरून अबुधाबीचा हिशोब कसा जमेल?

भारताला अंदाज चुकण्याची किंमत ठाऊक आहे. राष्ट्रीय सौर अभियानात २०१० साली अशा ४७० मेगावॉटच्या सात प्रकल्पांना मंजुरी मिळाली, त्यातले बहुतेक उभेच राहिले नाहीत. पॅनेल स्वस्त झाले हे एक कारण. दुसरं म्हणजे उपग्रहावरून काढलेलं थेट ऊन जमिनीवर तेवढं भरेना. हा सगळा दोष सूर्याभोवतीच्या उजेडाचा नव्हे, धूळ थेट ऊन मुळातच कमी करते. पण जे उरतं, त्यातलंही किती बिंबाचं आहे हा प्रश्न त्यानंतर येतोच. आपल्यातली जी मुलं इंजिनिअर होऊन आखातात अशा प्रकल्पांवर जातात, त्यांनी साइटचा उन्हाचा तक्ता हातात आला की आधी हेच विचारावं: यात बिंबाबाहेरचा वाटा वेगळा मोजलाय का?