अर्ज, वशिला आणि लॉबी

‘लॉबी’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे : विधिमंडळाच्या सभागृहाबाहेरची मोकळी जागा. सभासदाला तेथे गाठावे आणि आपले म्हणणे त्याच्या कानावर घालावे, यावरून सरकारदरबारी केलेल्या रदबदलीलाच ‘लॉबिंग’ हे नाव पडले. आपल्याकडे या शब्दाला वशिल्याचा वास येतो. अमेरिकेत मात्र तो उघड, नोंदलेला व्यवसाय आहे. गाऱ्हाणे घेऊन सरकारकडे जाण्याचा हक्क तेथील राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने १७९१ सालापासून लोकांना दिलेला आहे. कंपन्याही याच हक्काचा आधार घेतात.

हक्क सर्वांना सारखा असला, तरी तो बजावण्याची ऐपत सारखी असते काय? हा खरा प्रश्न आहे. तो समजून घेण्यास गूगल या कंपनीचे उदाहरण उपयोगी पडेल.

गूगलची स्थापना १९९८ सालची. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. मायक्रोसॉफ्टने वॉशिंग्टनकडे फार दिवस दुर्लक्ष केले, असा धडा अनेकांनी त्यातून घेतला. गूगलचा लॉबिंगवरील खर्च २००३ साली सुमारे ८० हजार डॉलर होता. २००५ साली तिने वॉशिंग्टनला कचेरी थाटली. २०१७ साली हा खर्च १ कोटी ८० लाख डॉलरांवर गेला. त्या वर्षी दुसऱ्या कोणत्याही एका कंपनीने एवढा खर्च केला नव्हता. चौदा वर्षांत सव्वादोनशे पट!

हा पैसा जातो कोठे? लाच म्हणून कोणाच्या खिशात नव्हे. तो गुन्हा ठरेल. तो जातो जाणकारांच्या पगारात आणि मेहनतान्यात. यांतील पुष्कळजण पूर्वी संसदेच्या समित्यांत वा सरकारी खात्यांत काम केलेले असतात. कोणते विधेयक कोठे अडले आहे, त्यातले कोणते कलम अडचणीचे आहे, हे त्यांना तोंडपाठ असते. सभासदाजवळ वेळ थोडा आणि विषय किचकट. अशा वेळी तयार टिपण घेऊन येणारा माणूस त्याला हवासाच वाटतो. लॉबीचे बळ दबावापेक्षा या मदतीत अधिक आहे.

२०११ साली संघीय व्यापार आयोगाने गूगलच्या व्यवहारांची चौकशी आरंभिली आणि जानेवारी २०१३ मध्ये खटला न भरता ती मिटवली. पुढे २०१५ साली आयोगाच्या हातून चुकून बाहेर पडलेल्या कागदांवरून कळले, की त्याच्याच काही अधिकाऱ्यांनी काही मुद्द्यांवर खटला भरण्याची शिफारस केली होती. निर्णय पुरावा पाहूनच घेतला, असे आयोगाच्या सभासदांनी सांगितले. २०२० साली न्याय खात्याने गूगलवर खटला भरला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी, इंटरनेटवरील शोधाच्या क्षेत्रात गूगलने बेकायदा मक्तेदारी राखली, असा निकाल दिला. दोन्ही प्रकरणांतले मुद्दे तंतोतंत एक नव्हते. तेव्हा २०१३चा निर्णय लॉबीमुळे झाला, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. परंतु सामान्य नागरिकाच्या मनात शंका उरते, आणि ती फेडून घेण्याचे साधन त्याच्याजवळ नसते.

साधन अगदीच नाही असे नाही. १९९५च्या कायद्यान्वये लॉबी करणाऱ्यांना नोंदणी करावी लागते आणि २००८ पासून दर तिमाहीस हिशेब द्यावा लागतो. किती पैसा, कोणते विधेयक, कोणते खाते, हे कोणासही वाचता येते. पण कोणत्या अधिकाऱ्याची गाठ घेतली, आणि काय बोलणे झाले, हे सांगण्याचे बंधन त्या हिशेबात नाही. वहीत खर्च दिसतो. संभाषण दिसत नाही.

कंपनीने सरकारकडे जाऊच नये, असे लोकशाहीत कोणी म्हणणार नाही. मात्र त्याच विषयावर लहान व्यापाऱ्याचे आणि गिऱ्हाइकाचे म्हणणेही त्याच मेजावर पोचते काय, आणि तेथे काय बोलले गेले ते लोकांना कळते काय, हे पाहिले पाहिजे. रदबदली कोठे संपते आणि वशिला कोठे सुरू होतो, हे त्यावरूनच ठरते.