शय्या आणि निद्रा

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. भूक लागली म्हणजे कोंडाही गोड लागतो आणि झोप आली म्हणजे उशाला धोंडाही चालतो, असा तिचा अर्थ. दिवसभर शेतात राबलेल्या माणसाच्या बाबतीत ती बव्हंशी खरीही असेल. परंतु कचेरीत आठ तास खुर्चीवर बसून आलेल्या शहरवासी माणसाला धोंडा तर राहोच, भारी गादीवरही झोप येईनाशी झाली आहे. मग तो गादीला दोष देतो, दुकान गाठतो, नवी गादी आणतो आणि चार दिवसांनी पुन्हा छताकडे पाहत पडून राहतो. याचे कारण असे की, येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. शय्या कशी असावी हा एक, आणि शय्या चांगली असूनही झोप का लागत नाही हा दुसरा. या दोहोंचा आम्ही क्रमाने विचार करणार आहोत.

प्रथम निद्रा म्हणजे काय, हे पाहू. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. निद्रेला आहाराच्या पंक्तीला बसविणारी ही दृष्टी आजच्या शास्त्रालाही पटण्यासारखी आहे. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन असेरिन्स्की व नथॅनियल क्लाइटमन यांनी असे दाखवून दिले की, निजलेल्या माणसाची बुबुळे मिटल्या पापण्यांआड मधूनमधून वेगाने हलत असतात. या वेळी मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच कामात असतो. दिवा मालवावा तसा मेंदू रात्री मालवला जातो, ही समजूत तेव्हापासून मागे पडली. रात्रभरात सुमारे दीड-दीड तासाची चार-पाच आवर्तने होतात. पूर्वरात्री गाढ झोप अधिक, उत्तररात्री स्वप्नांची झोप अधिक. दोन आवर्तनांच्या मध्ये क्षणभर जाग येणे अगदी स्वाभाविक आहे; आणि वय वाढते तशी गाढ झोप कमी होत जाते, हेही स्वाभाविकच. तेव्हा रात्री दोनदा जाग आली म्हणून आजोबांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. प्रौढ माणसाला साधारणपणे सात तास किंवा थोडी अधिक झोप लागते. पण झोप पुरली की नाही याची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी दुपारी होते. काम करताना डोळे मिटत नसतील, तर झोप पुरली असे समजावे.

आता शय्येकडे वळू. आपल्याकडे बाज, निवारीचा पलंग, चटई, सतरंजी, गोधडी, कापसाची गादी अशी शय्येची मोठी परंपरा आहे. पिंजारी दारात येऊन कापूस पिंजून जाई आणि दबलेली गादी पुन्हा फुलून येई. त्यानंतर काथ्याच्या, स्प्रिंगच्या आणि फोमच्या गाद्या आल्या. यांपैकी एकच जात सर्वांना उत्तम, असे मुळीच नाही. पाहावयाचे ते एवढेच की, निजल्यावर पाठीचा कणा उभ्याने असतो तसाच सहज राहतो की नाही. सुंभ सैल पडलेल्या बाजेत शरीर झोळीसारखे वाकते. उलट फळी इतकी कठीण असते की, कुशीवर निजल्यास सारा भार खांदा व खुबा यांवर येतो आणि कंबर अधांतरी राहते.

कठीण तितके पाठीला चांगले, ही समजूत फार दृढ आहे. आम्हीही तिला बळी पडलो होतो. पाठ दुखू लागली तेव्हा एका वडीलधाऱ्या स्नेह्यांच्या सांगण्यावरून आम्ही तीन महिने फळीवर सतरंजी टाकून निजलो. पाठ थांबली नाहीच. खांदे मात्र दुखू लागले. पुढे आमच्या वाचनात आले की, स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ रुग्णांवर प्रयोग करून २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. काहींना कठीण गादी दिली, काहींना मध्यम कठीण. ९० दिवसांनंतर मध्यम कठीण गादीवर निजणाऱ्यांचा त्रास अधिक कमी झालेला आढळला.

म्हणून दुकानात गेल्यावर गादी नुसती हाताने दाबून पाहू नये. संकोच सोडून तिच्यावर दहा-पंधरा मिनिटे, नेहमी निजता त्या कुशीवर, पडून पाहावे. उताणे निजून कमरेखाली हात घालावा. हात सहज आरपार गेला तर गादी कठीण आहे. हात शिरतच नसेल आणि कूस बदलणे जड जात असेल तर ती फार मऊ आहे. गादीवर ‘ऑर्थोपेडिक’ अशी चिठ्ठी लावल्याने तिच्या अंगी औषधी गुण येत नाही. आपल्या हवेत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. झोप लागताना शरीराचे तापमान किंचित उतरावे लागते. वैशाखाच्या रात्री ऊष्मा धरून ठेवणारा जाड फोम हे काम कठीण करतो. तेथे कापूस सरस ठरतो. मात्र कापसाची गादी दबते, तिला वेळोवेळी ऊन दाखवावे लागते आणि काही वर्षांनी कापूस पिंजून घ्यावा लागतो.

उशीची उंची खांद्यावरून ठरते. कुशीवर निजणाऱ्याच्या मानेखालची पोकळी भरून निघावी, मान वर उचललीही जाऊ नये आणि खाली लोंबूही नये. तान्ह्या मुलाचा नियम मात्र निराळा आहे. त्याला सपाट, घट्ट अंथरुणावर उताणेच निजवावे. उशी आणि मऊ दुलया त्याच्या तोंडाशी नसाव्यात, कारण त्यात श्वास कोंडण्याचा धोका असतो. आपल्याकडे डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी देतात. हौस म्हणूनही ती निजेच्या वेळी देऊ नये, असेच आम्ही सांगू.

इतके करूनही झोप लागत नसेल तर दोष गादीचा नव्हे. येथे तीन विकार मुख्यतः ध्यानात ठेवावेत.

पहिला निद्रानाश. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री आणि तीन महिने असा त्रास चालला, तर तो जुनाट समजतात. मूळ कारण पुष्कळदा एखादी चिंता असते. पण चिंता सरली तरी अंथरुणाला जागरणाची सवय लागून राहते. माणूस पलंगावरच हिशेब करतो, मोबाइल पाहतो, घड्याळ पाहतो; आणि पलंग दिसताच मन दचकून जागे होते. यावरचा उपाय रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली मांडला, तो साधा आहे. झोप आल्यावाचून अंथरुणावर जाऊ नये. सुमारे वीस मिनिटांत झोप न लागल्यास उठावे, मंद उजेडात शांतपणे बसावे आणि पेंग आल्यावर परतावे. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावे. चहा-कॉफीतील कॅफिन निम्मे उतरण्यास साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळचा चहा सोडावा. पहिले काही दिवस कष्टाचे जातात, पण काही आठवड्यांत सवय मोडते. झोपेच्या गोळीला आमचा सरसकट विरोध नाही. पण ती वैद्याच्या सल्ल्याने, थोड्याच दिवसांपुरती घ्यावी. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

दुसरा विकार घोरण्याचा, आणि त्याविषयी आम्हास थोडे कळकळीने बोलावयाचे आहे. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मालमोटारीवर चालक होते. त्यांच्या घोरण्याची घरात व नात्यात नेहमी थट्टा होई. एकदा पहाटे त्यांचा डोळा लागला आणि गाडी झाडावर गेली. जीव वाचला, पाय अधू झाला. आम्ही भेटीस गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, यांचा श्वास रात्री मध्येच थांबतो. मी हलवून जागे करते. पण हे कोणाला सांगायचे असते, हेच मला ठाऊक नव्हते.”

त्या माउलीने रोगाचे निदान केव्हाच केले होते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो आणि मोठा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. तीव्र विकारात हे तासाला ३० वेळा किंवा त्याहूनही अधिक घडते. निजणाऱ्याला याचा पत्ता नसतो; तो सकाळी डोकेदुखीने उठतो आणि दिवसा पेंगतो. यातून रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. लठ्ठपणात हा विकार अधिक, पण सडपातळ माणसालाही तो होतो, आणि पाळी गेल्यानंतर स्त्रियांतही वाढतो. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सौम्य दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि त्या यंत्राने असंख्य लोकांची झोप परत आली. घोरणारा प्रत्येक जण रोगी नव्हे. पण घोरणे, श्वास थांबणे आणि दिवसा पेंगणे ही तिन्ही एकत्र दिसली तर थट्टा थांबवून डॉक्टरांकडे जावे.

तिसरा विकार पायांचा. संध्याकाळी पडल्यावर पोटऱ्यांत कसेसेच होते, पाय हलविल्यावाचून राहवत नाही, चालले की बरे वाटते. स्वीडनचे कार्ल एकबोम यांनी १९४५ साली याचे सविस्तर वर्णन केले. शरीरात लोह कमी असणे हे याचे एक प्रमुख कारण असल्यामुळे गर्भारपणात तो अधिक आढळतो. बायकांनी हे ‘दिवसभराचा शीण’ म्हणून सोसू नये. रक्त तपासून घ्यावे.

शेवटी एक विनंती. आज घरी गेल्यावर आपल्या घरातील सर्वांत वाईट अंथरूण कोणाच्या वाट्याला आले आहे, ते एकदा पाहावे. पुष्कळ घरांत ते सर्वांच्या आधी उठून सर्वांच्या नंतर निजणाऱ्या बाईच्या वाट्याला आलेले असते. नवी गादी घ्यावयाची झाल्यास ती प्रथम तेथे घालावी, आणि सकाळचा पहिला चहा अधूनमधून दुसऱ्या कोणी तरी करावा. निजेला धोंडा चालतो हे खरे मानले, तरी तो नेहमी एकाच माणसाच्या उशाला असावा, असे त्या म्हणीत कोठेही म्हटलेले नाही.